आधी प्रत, मग कविता, नाव सगळ्यात शेवटी: जुन्या इंग्रजी उपहासकवितांचा कॅटलॉग कसा करायचा

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजी उपहासकवितांची यादी करायला बसलं की हात पहिल्यांदा लेखकाच्या रकान्याकडे जातो, कारण सवयच तशी असते, आधी लेखक, मग शीर्षक, मग साल. इथे तो रकाना शेवटपर्यंत रिकामा ठेवायचा. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण या कवितांच्या बाबतीत जेवढा गोंधळ झालाय त्यातला बराचसा कोणीतरी घाईघाईने नाव लिहिल्यामुळे झालाय, आणि एकदा यादीत नाव चढलं की पुढचे शंभर जण ते तसंच उचलतात.

नावं का नसतात ते आधी समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. १ जून १५९९ ला कँटरबरीचे आर्चबिशप व्हिटगिफ्ट आणि लंडनचे बिशप बॅन्क्रॉफ्ट यांनी हुकूम काढला की यापुढे सटायर (उपहासकविता) आणि एपिग्रॅम (छोट्या चिमटेदार कविता) छापायचे नाहीत, आणि ४ जूनला स्टेशनर्स हॉलमध्ये, म्हणजे लंडनच्या पुस्तकवाल्यांच्या संघाच्या कचेरीत, पुस्तकं जाळली गेली. त्यात जॉन मार्स्टनचं पुस्तक होतं, जे त्याने १५९८ मध्ये डब्ल्यू. किनसेडर या खोट्या नावाने काढलं होतं. म्हणजे बंदीच्या आधीही लोक स्वतःचं नाव घालायला बिचकत होतेच. त्यानंतर उपहास छापायचा थांबला असं नाही, पण जे खरंच धारदार होतं, राजाच्या मर्जीतल्या माणसांवरचं, ते हाताने उतरवलेल्या कागदांवर फिरायला लागलं. १६१२ मध्ये राजाचा मुख्य मंत्री रॉबर्ट सेसिल वारला तेव्हा त्याच्या नावाने विषारी मृत्युलेख फिरले, पुढे राजाचा लाडका असलेल्या बकिंगहॅमच्या ड्यूकवर तर ढिगाने कविता झाल्या. चार्ल्स दुसऱ्याच्या काळात कॅप्टन रॉबर्ट ज्युलियन नावाचा माणूस लंडनमध्ये हाताने लिहिलेले लॅम्पून, म्हणजे कोणाची तरी खिल्ली उडवणाऱ्या कविता, विकून पोट भरायचा. अशा कवितेत नाममुद्रा नसते, उतरवणाऱ्याला कवी माहीत नसतो, तो आपल्याला कळलं तसं शीर्षक देतो, एखादं कडवं गाळतो, एखादं स्वतःचं घालतो आणि खाली जे नाव ऐकलंय ते लिहून मोकळा होतो.

म्हणून एका कवितेची एक नोंद हा हिशोबच सोडून द्या. मी स्प्रेडशीटमध्ये चार वेगळे टॅब ठेवतो. एकात कविता, म्हणजे ती कल्पना म्हणून जी एक रचना आहे ती, तिला आपला एक नंबर. दुसऱ्यात तिची रूपं, कारण लांब आणि आखूड अशी दोन-तीन रूपं सर्रास असतात. तिसऱ्यात प्रती, म्हणजे प्रत्यक्ष कागद, कुठल्या लायब्ररीत, कुठला शेल्फमार्क (लायब्ररीने दिलेला क्रमांक), कुठल्या पानावर. आणि चौथ्यात दावे, म्हणजे ही कविता अमक्याची आहे असं कोण म्हणालं, कधी, कशाच्या जोरावर. कवी म्हणून नाव फक्त या चौथ्या टॅबमध्ये राहतं. चारही नंबरांनी एकमेकांना जोडलेले असले की झालं, त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

कविता ओळखायची ती शीर्षकावरून नाही, पहिल्या ओळीवरून. शीर्षक प्रत्येक वहीत बदलतं, एकीकडे नुसतं लायबल (बदनामीची कविता), दुसरीकडे ड्यूकवरच्या ओळी, तिसरीकडे काहीच नाही. पहिली ओळ दोनदा लिहा, एकदा जशी आहे तशी जुन्या स्पेलिंगमध्ये आणि एकदा आजच्या स्पेलिंगमध्ये, कारण शोध दुसरीवर लागतो आणि पुरावा पहिलीत असतो. त्या काळात यू आणि व्ही, आय आणि जे यांची अदलाबदल चालायची, आणि सटायर हा शब्दच तेव्हा वाय घालून लिहायचे, कारण तो जंगलातल्या सॅटर या अर्धमानव प्राण्यावरून आला अशी समजूत होती. आयझॅक कॅसोबॉनने १६०५ मध्येच ती व्युत्पत्ती चुकीची असल्याचं दाखवून दिलं तरी स्पेलिंग पुढे कितीतरी वर्षं तसंच राहिलं. म्हणून शोधताना दोन्ही स्पेलिंग टाका, नाहीतर निम्मा माल हाती लागत नाही.

पहिली ओळ हातात आली की ती अमेरिकेतल्या फोल्जर लायब्ररीच्या साइटवरच्या युनियन फर्स्ट लाइन इंडेक्समध्ये टाकून बघा, तिथे बऱ्याच लायब्रऱ्यांच्या पहिल्या ओळी एकत्र केल्यात. ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीतल्या हस्तलिखितांसाठी मार्गारेट क्रमचा १९६९ चा इंडेक्स अजूनही सोन्यासारखा आहे. नावाजलेल्या कवींच्या प्रतींसाठी पीटर बीलचा १४५० ते १७०० चा ऑनलाइन कॅटलॉग बघा. आणि सुरुवातीच्या स्टुअर्ट राजांच्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या पहिल्या भागातल्या लायबलांसाठी बेलनी आणि मॅक्रे यांनी २००५ मध्ये साडेतीनशेच्या वर कविता संपादित करून फुकट ऑनलाइन ठेवल्यात, टीपांसकट. कामाला सुरुवात करणाऱ्याने महिनाभर नुसतं तेच वाचलं तरी चालेल.

पण पहिल्या ओळीवर आंधळा भरवसा नको. मी एकदा दोन नोंदी पहिली ओळ सारखी म्हणून एकत्र केल्या आणि बऱ्याच दिवसांनी कळलं की दुसरी ही पहिलीला दिलेलं उत्तर होतं, त्या काळी उत्तर देताना मूळ कवितेचीच सुरुवात उचलायची पद्धत होती. तेव्हापासून मी पहिल्या दोन ओळी, शेवटची ओळ आणि एकूण ओळींची संख्या हे सगळं लिहितो. उलटंही होतं, कविता तीच पण एका वहीत सुरुवातीच्या सहा ओळी गळलेल्या, मग ती इंडेक्समध्ये वेगळी कविता म्हणून बसते. शेवटची ओळ जुळली तर संशय घ्या.

पार्लमेंट फार्ट नावाने ओळखली जाणारी कविता घ्या, कारण तिच्याइतकं कॅटलॉग करणाऱ्याला शिकवणारं दुसरं काही नाही. १६०७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये हेन्री लडलो नावाच्या सभासदाकडून भर सभेत आवाज झाला, त्यावर दोन-दोन ओळींची कडवी रचली गेली, प्रत्येकात एकेका सभासदाचं नाव आणि त्याची प्रतिक्रिया. जॉन हॉस्किन्स, रिचर्ड मार्टिन आणि त्यांची मित्रमंडळी याच्या मुळाशी आहेत असं मानतात. पण रचनाच अशी की कोणीही मधे दोन ओळी घुसडाव्यात, आणि लोकांनी वर्षानुवर्षं तेच केलं, त्यामुळे प्रतींची लांबी वेगवेगळी, कडव्यांचा क्रम वेगळा, नावं वेगळी. आता इथे लेखक कोण लिहिणार? मूळ मंडळींची नावं दाव्यांच्या टॅबमध्ये, आणि कवितेच्या नोंदीत स्पष्ट लिहायचं की ही वाढत गेलेली सामूहिक रचना आहे. प्रत्येक प्रतीत कोणती कडवी कुठल्या क्रमाने आहेत त्याची पट्टी करून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण कुठली प्रत कुठल्या घराण्यातली हे त्या पट्टीवरूनच दिसतं.

आता प्रत कशी नोंदवायची ते. लायब्ररी, शेल्फमार्क, पानाची पुढची बाजू की मागची, हे तर आलंच. त्यानंतर वरचं शीर्षक आणि खालचं नाव किंवा आद्याक्षरं, जशी आहेत तशी, एकही अक्षर न सुधारता. ते नाव कवितेच्याच शाईत आणि त्याच हाताचं आहे का, की नंतर कोणीतरी टाकलंय, हे लिहिणं फार महत्त्वाचं. शंभर वर्षांनंतरच्या मालकाने पेन्सिलने लिहिलेलं नाव आणि १६२८ मध्ये उतरवणाऱ्याने लिहिलेलं नाव यांची किंमत एक नाही. अक्षर वाचता येत नसेल तर थांबा आणि शिका, सेक्रेटरी हँड हे त्या काळचं हस्ताक्षराचं वळण सुरुवातीला पूर्ण परकी लिपी वाटते, सी हा आर सारखा दिसतो, लांब एस हा एफ सारखा, एच ओळीच्या खाली लोंबतो. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा फुकट ऑनलाइन कोर्स आहे, रोज अर्धा तास दिलात तरी काही आठवड्यांत नजर बसते.

आणि शेजार नोंदवा. कविता वहीत एकटी नसते, तिच्या आधी काय आहे नंतर काय आहे ते लिहा, कारण कविता टोळीने प्रवास करतात. रॉचेस्टरचा अर्ल या कवीचं उदाहरण या बाबतीत सगळ्यात मोठं. तो २६ जुलै १६८० ला वारला आणि त्याच वर्षी त्याच्या आद्याक्षरांनी एक पुस्तक निघालं, मुखपृष्ठावर छपाईचं ठिकाण अँटवर्प, जे साफ खोटं, छापलं लंडनमध्येच. त्यात ६१ कविता आहेत आणि त्यातल्या साधारण निम्म्याच रॉचेस्टरच्या. हे डेव्हिड व्हीथने १९६३ च्या अभ्यासात सिद्ध केलं, आणि त्याची एक मोठी चावी होती येल विद्यापीठातलं एक हस्तलिखित, जे त्या छापील पुस्तकाच्या मुळाच्या अगदी जवळचं आहे. कविता कुठल्या क्रमाने आल्यात, कुठे एकाच कवीच्या कवितांचा गठ्ठा आहे आणि तो कुठे तुटतो, यावरून त्याने एकेक नाव सोडवलं. जर कोणी त्या वहीतल्या कविता सुट्या करून कवीप्रमाणे लावल्या असत्या तर हा पुरावाच मेला असता.

छापील गोष्टींबद्दल थोडक्यात. जुन्या इंग्रजी छापील पुस्तकांच्या ठरलेल्या याद्या आहेत, १६४० पर्यंतच्या पुस्तकांचे एसटीसी नंबर, १६४१ ते १७०० चे विंग नंबर, आणि दोन्ही पोटात घेणारा ईएसटीसी, हे नंबर न चुकता टाका. मुखपृष्ठावरचं ठिकाण आणि प्रकाशक हा दावा समजा. नावं गाळून डॅश मारलेले असतील तर डॅश तसेच ठेवा, आणि मालकाने समासात हाताने ती नावं भरली असतील तर तोही वेगळा दावा, कोणावर टीका आहे याबद्दलचा.

तारखेचा रकाना एक नको, चार हवेत: घटना कधीची, रचना कधीची, ही प्रत कधी उतरवली, छापली कधी. मॅक फ्लेक्नोचं बघा. नाटककार थॉमस शॅडवेलवरची ही कवी जॉन ड्रायडनची कविता छापून आली १६८२ मध्ये, तीही चोरून, लेखकाच्या जागी फक्त ॲब्सलम अँड ॲकिटोफेल या दुसऱ्या कवितेचा कर्ता एवढंच. पण बॉडलियनमध्ये कवी जॉन ओल्डमच्या हातची एक प्रत आहे आणि तिच्यावर १६७८ साल घातलंय. म्हणजे छपाईच्या चार वर्षं आधी ती फिरत होती, आणि हे फक्त प्रतीची तारीख वेगळी नोंदवली म्हणून कळतं. ड्रायडनने स्वतः ती छापील मजकुरात आपली म्हटली ती १६९३ मध्ये.

जुन्या कॅलेंडरचा फास तर प्रत्येकाला बसतो. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे कागदावर फेब्रुवारी १६२७ असेल तर आपल्या हिशोबाने बहुतेक वेळा तो फेब्रुवारी १६२८ असतो. जानेवारी ते २४ मार्चमधलं साल नेहमी जोडून लिहा, १६२७/२८ असं. काही लोकांनी मात्र आपलं काम फार सोपं करून ठेवलंय. जॉर्ज थॉमसन या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात बावीस हजारांवर पत्रकं आणि पुस्तिका जमवल्या आणि त्यातल्या बऱ्याचशांवर हाती आल्याची तारीख घातली, पुढे नार्सिसस लट्रेलनेही तेच केलं, वर किंमतही लिहिली. अशी तारीख दिसली की शब्दशः उतरवा.

आता नाव. इथे तीन प्रकारचे सापळे आहेत. पहिला, कवितेत किंवा शीर्षकात असलेलं नाव. कवी अँड्र्यू मार्व्हेल ऑगस्ट १६७८ मध्ये वारला आणि मार्व्हेलचं भूत या शीर्षकाची कविता निघाली, ती मार्व्हेलची नाही हे उघड आहे, जॉन एलॉफची मानतात, पण नुसत्या इंडेक्सवरून काम करणाऱ्या माणसाने ती मार्व्हेलखाली टाकणं अगदी शक्य आहे. दुसरा, मुद्दाम लावलेलं नाव. एडमंड वॉलरने नौदलाच्या लढाईचं कौतुक करणारी कविता लिहिली, चित्रकाराला सूचना देतोय अशा थाटात, मग तोच थाट उचलून सरकारची सालटी काढणाऱ्या कविता आल्या आणि १६६७ मध्ये त्या सर जॉन डेनमच्या नावाने छापल्या गेल्या, तेव्हा डेनम जिवंत होता. त्या त्याच्या नाहीत हे आज जवळपास सगळे मानतात. याच मालिकेतली लास्ट इन्स्ट्रक्शन्स ही कविता मार्व्हेलची म्हणून मान्य आहे, दुसरी आणि तिसरी ॲडव्हाइस या कविता त्याच्या असाव्यात यावर विद्वानांत जोरदार वाद झालाय, आणि त्या वादात मार्व्हेलच्या १६८१ च्या छापील संग्रहाची बॉडलियनमधली एक प्रत मध्यभागी आहे, जिच्यात हाताने कविता जोडल्यात. अशा वेळी तुम्ही न्यायाधीश व्हायचं नाही, दोन्ही बाजू नोंदवायच्या.

तिसरा आणि सगळ्यात चिवट सापळा म्हणजे मोठ्या नावाचं लोहचुंबक. बिनमालकाची धारदार कविता दिसली की लोक ती त्या काळच्या सगळ्यात प्रसिद्ध कवीला चिकटवतात, आणि हे समकालीन लोकही करायचे. १८ डिसेंबर १६७९ ला लंडनच्या रोझ ॲलीत ड्रायडनला गुंडांनी बेदम मारलं. यामागे ॲन एसे अपॉन सटायर ही हाताने फिरणारी कविता होती असं मानतात, जी त्याची समजली गेली होती पण मुळात लॉर्ड मल्ग्रेव्हची होती. त्या काळच्या लंडनमध्ये राहणाऱ्या, त्या माणसांना ओळखणाऱ्या लोकांचाही अंदाज असा चुकतो, म्हणून समकालीन साक्ष म्हणजे लोक काय मानत होते याचा पुरावा, लिहिलं कोणी याचा नाही. दोन्ही नोंदवण्यासारखं आहे, फक्त वेगवेगळ्या जागी.

शैलीवरून ओळखण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण हल्ली प्रत्येकाला कॉम्प्युटरवर शब्द मोजून कवी सापडेल असं वाटतं. जॉन बरोजने २००२ मध्ये डेल्टा नावाची पद्धत मांडली, अगदी नेहमीचे, साधे शब्द कोण किती वापरतो यावर चालणारी, आणि तिची चाचणीच सतराव्या शतकातल्या इंग्रजी कवितांवर घेतली होती, म्हणजे आपल्याच अंगणातली. चांगली पद्धत आहे. पण तिला लांब मजकूर लागतो, आणि लायबल बऱ्याचदा दहा-वीस ओळींचं, त्यात चार जणांनी फेरफार केलेले, स्पेलिंग उतरवणाऱ्याचं. शिवाय खरा कवी तुमच्या तुलनेच्या यादीतच नसेल तरी यंत्र कोणाला तरी जवळचा ठरवणारच. १६१२ मध्ये डब्ल्यू. एस. या आद्याक्षरांनी छापलेला एक शोकगीताचा मजकूर डोनाल्ड फॉस्टरने शैलीच्या जोरावर शेक्सपिअरचा ठरवला, तो काही संग्रहांतही गेला, आणि २००२ मध्ये खुद्द फॉस्टरनेच मान्य केलं की तो जॉन फोर्डचा. ती कविता उपहासाची नाही, पण धडा आपल्याच कामाचा. माझं मत स्पष्ट आहे, शैलीचा पुरावा एखादं नाव खोडायला जास्त उपयोगी, लावायला कमी. एखादी कविता कवीच्या मृत्यूनंतरच्या घटनेवर बोलत असेल तर तो एवढा पुरावा हजार शब्दमोजण्यांना भारी आहे, त्यामुळे मजकुरातल्या प्रत्येक माणसाची, पदवीची, जागेची तारीख आधी शोधा.

दाव्यांच्या टॅबमध्ये मी एवढं लिहितो: कोणाचं नाव, दावा करणारा कोण, कुठल्या प्रतीत किंवा अभ्यासात, कुठल्या साली, पुरावा कुठल्या प्रकारचा, आणि खात्री. खात्रीचे चारच शब्द ठेवा, निश्चित, बहुतेक, शक्य, अमान्य, आणि सगळीकडे तेच वापरा. अमान्य झालेला दावाही काढून टाकू नका, कारण पुढचा माणूस तेच जुनं नाव कुठेतरी वाचून येणार आणि त्याला इथे कळलं पाहिजे की याचा विचार झालाय.

एक पूर्ण उदाहरण देतो. २३ ऑगस्ट १६२८ ला पोर्ट्समथमध्ये जॉन फेल्टनने बकिंगहॅमला भोसकून मारलं, आणि कैदेतल्या फेल्टनला धीर देणारी, त्याला जवळजवळ वीर ठरवणारी एक कविता फिरायला लागली. तिच्यासाठी बेन जॉन्सनवर संशय आला आणि २६ ऑक्टोबरला ॲटर्नी जनरलने त्याची जबानी घेतली. जॉन्सन म्हणाला की आपण ती सर रॉबर्ट कॉटनच्या घरी पाहिली आणि ती झाऊच टाऊनलीची असल्याचं ऐकलंय. आता हा दावा तोलून बघा. तारीख पक्की, साक्षीदार नावाजलेला, टाऊनलीला ओळखणारा, कागद सरकार दरबारी जपलेला, हे सगळं जमेच्या बाजूला. पण जॉन्सन स्वतः संशयाखाली होता, म्हणजे दुसऱ्याचं नाव सांगण्यात त्याची सुटका होती, आणि त्याने ऐकीव गोष्टच सांगितली. टाऊनली हेगला निघून गेला हे मात्र त्या नावाला बळ देतं. म्हणून माझ्या फाईलमध्ये रचनेची तारीख २३ ऑगस्ट ते २६ ऑक्टोबर १६२८ अशी आहे, कारण फेल्टन कैदेत जाण्याआधी ती होऊ शकत नाही आणि जबानीनंतरची असू शकत नाही. टाऊनलीपुढे बहुतेक, जॉन्सनपुढे अमान्य, आणि दोन्ही दाव्यांसमोर तीच एक जबानी पुरावा म्हणून, ऐकीव असा शेरा मारून. नवीन प्रत सापडली की तिचं खालचं नाव तिसऱ्या टॅबमध्ये जसंच्या तसं जाईल, चौथ्यात एक नवी ओळ वाढेल, आणि बहुतेक हा शब्द बदलायचा की नाही ते मी त्यानंतर ठरवीन, बदलला तर तारीख घालून.